म्हात्रे सिस्टर आणि कारणाचा रकाना

म्हात्रे सिस्टरांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. भांडले मी एकटीच. त्या नुसत्या हातात पट्टी धरून उभ्या होत्या. शाळेतल्या मुलांकडे असते तसली एक फुटाची, पिवळी पडलेली प्लास्टिकची पट्टी. पनवेलच्या त्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागून मला जेमतेम आठवडा झाला होता. स्तनाच्या ऑपरेशननंतर बायकांचा खांदा आखडतो, हात वर जाईनासा होतो, म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडून हाताचे व्यायाम करून घ्यायचे, हे माझं काम. त्या दिवशी वॉर्डात सहा बायका होत्या. मी दोघींना नीट शिकवलं, चौघींना लांबूनच सांगितलं आणि चहाच्या वेळी सहाही फायलींत ‘व्यायाम शिकवला’ या चौकोनात बरोबरची खूण करून मोकळी झाले. आधीच्या दोन नोकऱ्यांत मी हेच केलं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. निदान मला तरी कळलं नव्हतं.

सिस्टरांनी चौथ्या खाटेवरच्या बाईला विचारलं, “काय गो, या मॅडमनी तुना काय शिकवला?”

बाई माझ्याकडे बघून हसली. “चांगल्या हायेत मॅडम,” म्हणाली.

“चांगल्या हायेत ते मना पन दिसतंय. हात कुठवर न्यायचा सांगितला?”

बाईने हात उचलला आणि तो छातीशीच थांबला. आणखी तिघींचंही तेच झालं. सिस्टरांनी चारही फायलींतल्या माझ्या खुणा पट्टी लावून एका रेषेने खोडल्या, शेजारी वेळ घातली, सही केली आणि फायली माझ्या हातात दिल्या. मी काय शाळेतली पोरगी आहे का, असं म्हणून मी बरंच काही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आमच्यासारख्यांशी बोलताना त्या जी शुद्ध मराठी काढत, त्या मराठीत म्हणाल्या, “मॅडम, दमला असाल तर ‘शिकवलं नाही’ असं लिहा. कारणाच्या रकान्यात ‘दमले’ लिहा. ते चालतं. न करता केलं म्हणून लिहू नका.”

असलं कारण मी आयुष्यात कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशीही लिहिलं नाही. तोंड वाकडं करून चौघींकडे परत गेले आणि शिकवून आले.

हा कारणाचा रकाना समजल्याशिवाय म्हात्रे सिस्टर समजायच्या नाहीत, म्हणून तो आधी सांगून टाकते. आमच्या दवाखान्यात स्तनाच्या गाठीची तक्रार घेऊन जी बाई येई, तिच्या फायलीला पहिल्या दिवशीच एक चार पानी छापील कागद लावला जाई. डॉक्टर लोक त्याला ‘पाथवे’ म्हणत. त्यात सगळ्या पायऱ्या ओळीने छापलेल्या. डॉक्टरांनी हाताने तपासायचं, मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, मग गाठीत सुई घालून तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा. रिपोर्ट आला की सगळ्या डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवायचं, आणि त्यानंतरच ऑपरेशन. पुढेही तसंच. कुठल्या दिवशी चालवायचं, हात कधी हलवायचा, जखमेत साठणारं पाणी बाटलीत ओढणारी ती ड्रेनची नळी कधी काढायची. प्रत्येक पायरीपुढे एक चौकोन, आणि उजव्या कडेला उभा रकाना: ‘वेगळं केलं असल्यास कारण व सही’. पायरी सोडायला बंदी नव्हती. डॉक्टरला योग्य वाटलं तर त्याने खुशाल सोडावी, पण का सोडली ते लिहावं. एवढंच.

आता हे ‘एवढंच’ किती जड असतं ते दवाखान्यात काम केलेल्याला विचारा. डॉक्टर दोन-दोन तासांची ऑपरेशनं उभ्याने करतील, पण एक ओळ लिहायची म्हटली की त्यांच्या हाताला मुंग्या येतात. सिस्टर त्या ओळीसाठी त्यांच्या मागे लागत. आवाज न चढवता, पेनाचं टोपण काढून, फाईल उघडून समोर धरत. “ठीक आहे, सिस्टर,” असं कुणी म्हणालं की विचारत, “कुणाला ठीक आहे?” बाटलीत किती पाणी आहे, याला ‘थोडंसं’ हे उत्तर त्यांना चालत नसे. फाईल भरताना त्या ओळीखाली पट्टी ठेवत, म्हणजे घाईत डोळा खालच्या ओळीवर जायला नको. मला त्यांचा वैताग यायचा. सगळ्यांनाच यायचा.

दिसायला बुटक्या, रुंद. टाचा कायम सुजलेल्या. ड्युटीवर त्या बसत नसत. शिस्त म्हणून नाही, तर “बसले की उठवत नाही” म्हणून. त्या उलव्याकडच्या. गाव विमानतळाच्या जमिनीत गेलं, आणि आता पुनर्वसनाच्या प्लॉटवर बांधलेल्या तीन मजली घरात सगळं कुटुंब राहायचं: तळमजल्यावर सासू, पहिल्यावर सिस्टर आणि त्यांचे यजमान, दुसऱ्यावर धाकटा दीर, जाऊ आणि त्यांची मुलगी. मजले तीन, पण चूल एक. त्या चुलीवरची तांदळाची भाकरी आणि सुका जवळा डब्यात यायचा. डबा उघडला की डॉक्टर मंडळी नाक मुरडत यायची आणि अर्धी भाकरी संपवून जायची.

या कागदाचं त्यांना एवढं वेड कुठून लागलं, ते मला मोठ्या सरांनी सांगितलं. मोठे सर म्हणजे मुंबईहून आठवड्यातून तीन दिवस येणारे आमचे सर्जन. पाथवे त्यांनीच आणला. तेव्हा मी नव्हते. सगळ्यात जास्त विरोध म्हणे म्हात्रे सिस्टरांनीच केला होता. “माणसं काय साच्यातून काढली आहेत का, सर? एकीला साखर, एकीचा नवरा पिऊन पडलेला, एकीच्या घरात संडास नाही. सगळ्यांना एकच कागद?” सरांनी वाद घातला नाही. आदल्या वर्षीच्या फायलींचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “एकच गोष्ट बघा. कुणाचा ड्रेन कधी काढला, आणि त्याच दिवशी का काढला.”

सिस्टर रोज ड्युटी संपली की रेकॉर्ड रूममध्ये जाऊन फायली वाचत बसल्या. आठ-दहा दिवसांनी सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या की, बाटलीत किती पाणी आहे हे बघून ड्रेन निघतच नव्हता. जिचा नवरा राउंडच्या वेळी उभा राहून डॉक्टरांना दोन शब्द इंग्रजीत विचारायचा, तिचा वेळेवर निघायचा. जिच्यासाठी विचारणारं कुणी नव्हतं ती नळी घेऊन पडून राहायची. उरणच्या खाडीकडची एक कोळीण होती, मासळी विकणारी. तिची बाटली चार दिवस जवळजवळ रिकामी होती आणि तरी नळी तशीच, कारण तिने विचारलं नाही आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. “मी तिथेच होते, सर,” सिस्टर म्हणाल्या. “रोज तिच्या खाटेशेजारून जात होते. मला ती दिसली नाही.”

त्यानंतर त्यांनी कागद हातात घेतला तो घेतलाच. “आमी थकतो, कागद थकत नाय,” असं त्या नव्या पोरींना सांगत. ज्याची ओळख नाही त्याच्यासाठी हा कागद आहे, असं त्यांचं मत होतं, आणि ओळखीचं माणूस समोर आलं की त्या जरा जास्तच कडक होत.

एकदा पळस्प्याकडचा एक जमीनवाला आपल्या आईला घेऊन आला. पांढरी गाडी, गळ्यात बोटाएवढ्या जाड साखळ्या, मागे चार माणसं. तो सिस्टरांच्या माहेरच्या नात्यातला निघाला. त्याला आईची गाठ दुसऱ्याच दिवशी काढून हवी होती. तपासण्यांचं काय ते मागाहून बघू, म्हणत होता.

“आक्का,” तो म्हणाला, “आपलीच मानसा आपल्या कामाला नाय आली तं कोन येनार?”

“आले ना मी कामाला,” सिस्टर म्हणाल्या. “तुझ्या आयशीला सुई लागनार, फोटो निघनार, मंग डॉक्टरांची मीटिंग होनार. तू मना वलखत नसतास तरी तेच झाला असता.”

तो गुरगुरला, वरपर्यंत फोन झाले, पण म्हातारीला सुई लागली. गाठ साधी निघाली. ऑपरेशन करायची गरजच नव्हती. सहा महिन्यांनी दाखवायला या, असं सांगून तिला घरी पाठवलं. मुलाने पेढ्यांचे मोठाले बॉक्स पाठवले. सिस्टरांनी ते वॉर्डात वाटले आणि स्वतः एकही खाल्ला नाही. आम्ही त्यावरून त्यांची भरपूर थट्टा केली.

हे सगळं सांगते आहे, कारण पुढचं जे आहे ते याच बाईने केलं.

त्यांची धाकटी जाऊ, वनिता. चाळिशीची, हसरी, घरातल्या सगळ्या कामांत पुढे. तिच्या मुलीचं, प्रणालीचं लग्न ठरलेलं. हळद आठ दिवसांवर आली होती. आमच्याकडच्या हळदी म्हणजे लग्न परवडलं पण हळद आवरा. हजार माणसं, मांडव, डीजे. अशा धांदलीत वनिताला अंघोळ करताना गाठ हाताला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी भाकऱ्या थापताना तिने ती सिस्टरांना सांगितली. सिस्टरांनी हात धुतले, तिला आतल्या खोलीत नेलं आणि तपासलं. सुपारीएवढी गाठ, बोटाखाली इकडून तिकडे सरकणारी. सरकणारी गाठ बहुतेक साधी असते. पंचवीस वर्षं हजारो गाठी बघितलेला हात होता तो, आणि त्या हाताने सांगितलं की काही नाही.

कागदाप्रमाणे सुईचा रिपोर्ट यायला आठवडा लागतो. म्हणजे नेमका हळदीच्या तोंडावर.

“मांडवात ह्ये घेऊन कशी फिरू, ताई?” वनिता म्हणाली. “काढून टाक ना. तुझाच दवाखाना हाय.”

सिस्टरांनी डॉक्टर निखिलला फोन लावला. निखिल आमचा तरुण सर्जन. सिस्टरांच्या भाकरीवर वाढलेला. मोठे सर त्या आठवड्यात बाहेरगावी होते. स्टाफची केस म्हणून निखिलने दुपारी छोट्या ऑपरेशनच्या खोलीत तेवढ्याच जागेला भूल देऊन गाठ काढली. अर्ध्या तासाचं काम. मॅमोग्राफी नाही, सुई नाही, पाथवेचा कागद नाही, केसपेपरही साधा. काढलेली गाठ तेवढी रीतीप्रमाणे तपासायला गेली. मी त्या दोघींना मागच्या दाराने जाताना बघितलं. वनिता माझ्याकडे बघून हसली. मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. माझ्या आईचा मोतीबिंदू मी असाच, ओळखीने, रांग मोडून काढून घेतला होता. आपल्या माणसासाठी एवढं करायचं नाही तर दवाखान्यात नोकरी कशाला करायची, असं आपण सगळेच समजतो. रांग मोडताना आपण फक्त माणसं ओलांडतोय असं वाटतं. तपासण्याही ओलांडल्या जातात हे लक्षात येत नाही.

हळदीला आम्ही सगळा वॉर्ड गेलो. संध्याकाळी मांडवात सिस्टर नाचल्या. सुजलेल्या टाचांनी, पदर खोचून, वनिताचा हात धरून. वनिताचा गाठ काढलेल्या बाजूचा दंड अंगाशी घट्ट आवळलेला होता आणि दुसऱ्या हातानेच ती नाचत होती. माझं लक्ष सवयीने तिकडे गेलं. टाके ओढत असतील, असं मनात म्हटलं आणि मी जेवायला बसले.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सर. आणि काढलेल्या तुकड्याच्या कापलेल्या कडेपर्यंत तो पोचलेला, म्हणजे थोडा आत राहिलेला. सिस्टरांनी रिपोर्ट उभ्या उभ्याच वाचला, घडी घातली आणि ड्युटी पूर्ण केली. त्या दिवशी मी त्यांच्याशेजारी दोन तास काम करत होते. मला काही कळलं नाही.

मोठ्या सरांनी वनिताला तपासलं. आत रक्त साकळलं होतं, चीर नको तिथे होती, आणि गाठ असतानाचा फोटोच नसल्यामुळे ती नेमकी कुठे होती, किती पसरलेली होती, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. जीव वाचेल, सर म्हणाले, पण स्तन पूर्ण काढावा लागेल. सिस्टरांनी विचारलं, “आधी सुई आणि फोटो झाले असते तर?” सरांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. “बहुतेक वाचवता आला असता,” म्हणाले.

दवाखान्याचा पाथवेचा एक गट होता. त्याच्या मीटिंगचं टिपण मी लिहीत असे, कारण माझं अक्षर बरं. त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर झालं. सरांच्या सांगण्यावरून वनिताची फाईल पाथवेचा कागद लावून पहिल्यापासून उघडली गेली. पहिल्या पानावरचे सगळे चौकोन रिकामे, आणि त्यांच्या शेजारी तो रकाना. आमचे अधीक्षक वाईट माणूस नव्हते. नुसते थकलेले होते, त्यांच्या खुर्चीत बसणारं कुणीही असेल तेवढे. महिन्याभरात बाहेरून तपासणी पथक येणार होतं. ते म्हणाले, “‘रुग्णाच्या विनंतीवरून’ असं लिहा. खोटंही नाही ते. तिनेच सांगितलं ना, काढून टाका म्हणून?”

निखिल मान खाली घालून बसला होता. ‘रुग्णाच्या विनंतीवरून’ हे आमच्याकडे कुठल्याही भानगडीवर घालायचं पांघरूण आहे. मी स्वतः ते अनेकदा घातलं आहे. मी पेन उघडलंही होतं.

“ही फाईल तिच्याबरोबर केमोला जाणार, सर,” सिस्टर म्हणाल्या. “मग तिच्या घरात राहणार. तिची मुलगी शिकलेली आहे, ती वाचणार. आईने स्वतःच मागितलं म्हणून आईची छाती गेली, असं वाचणार. आईला समजावून सांगणार. आणि वनिता जन्मभर तेच धरून बसणार.”

“पण मागितलं होतं की नाही?”

“गाठ काढ म्हणाली. सुई नको असं नाही म्हणाली. आधी सुई असते हे तिला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं.”

“सिस्टर, एकाच घरात राहायचंय तुम्हाला,” अधीक्षक म्हणाले. ते त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं.

“हो. रोज तोंड बघायचंय तिचं.”

त्यांनी फाईल माझ्यापुढून ओढली, ओळीखाली पट्टी ठेवली आणि लिहिलं: ‘मॅमोग्राफी व सुई तपासणी केली नाही. कारण: रुग्ण माझी जाऊ आहे. मी डॉक्टरांना गळ घातली. तपासणी आधी असते हे मी रुग्णाला सांगितले नाही.’ खाली सही, हुद्दा, तारीख, वेळ. मग त्यांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. मी टिपणात तसंच उतरवलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. सुखासुखी चाललेलं कशाला उकरायचं, असा. घरी कामोठ्याला पोचेपर्यंत तो राग उतरला आणि रिक्षातच मला रडू फुटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी वनिताच्या शेजारच्या खाटेपाशी व्यायाम घेत होते. सिस्टर फाईल घेऊन आल्या आणि वनिताच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना वॉर्डात बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. रकान्यात लिहिलेलं त्यांनी तिला हळू आवाजात वाचून दाखवलं. वनिता ऐकत होती.

“म्हंजे माझी छाती राहिली असती?” तिने विचारलं.

“बहुतेक राहिली असती.”

वनिता कूस बदलून भिंतीकडे वळली. सिस्टर खाटेच्या कडेला धरून उठल्या. मग फाईल खाटेच्या पायथ्याशी अडकवून निघून गेल्या.

पुढचं काही मला वनिताकडूनच तुकड्या-तुकड्याने कळलं; हात वर न्यायला शिकवताना बायका बोलतात. तिने सिस्टरांशी बोलणं टाकलं. घरातली चूल वेगळी झाली. सासूने सिस्टरांना नको नको ते ऐकवलं, दिराने जिन्यात तोंड फिरवलं. इकडे दवाखान्याने त्यांना वॉर्डातून काढून ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करतात त्या तळघरात पाठवलं. शिक्षा म्हणून नाही, असं पत्रात मुद्दाम लिहिलं होतं. तिथे ना माणसं ना फायली. निखिल नोकरी सोडून दुसरीकडे गेला. पाथवेच्या पुढच्या छपाईत पहिल्या पानावर एक ओळ वाढली: ‘रुग्ण कर्मचाऱ्याच्या नात्यातील आहे का? असल्यास एकही पायरी वगळू नये.’ आता नव्या आलेल्या पोरी ती ओळ वाचून हसतात. मीही त्यांना काही सांगत नाही. सांगायचा कंटाळा येतो.

पण वनिताची केमोची एकही तारीख चुकली नाही. तारखेच्या आदल्या दिवशी सिस्टर तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या मजल्याच्या दाराखालून आत सरकवायच्या. सकाळी ठरल्या वेळी खाली रिक्षा घेऊन उभ्या राहायच्या. वनिता तयार होऊन खाली यायची आणि बसायची. जाताना शब्द नाही, येताना शब्द नाही. घरात दुसरी माणसं होती, नवरा होता, जावई गाडीवाला होता. पण ती जायची ती सिस्टरांबरोबरच. का, हे मी विचारलं नाही. तेव्हा तिचे केस गेले होते, तोंडाला चव नव्हती, आणि मला तिच्या खांद्याशिवाय कशातच हात घालायचा नव्हता.

सिस्टर गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला त्या आल्याच नाहीत. शाल आणि नारळ ऑफिसातल्या कपाटावर बरेच दिवस पडून होते. त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं, याच उन्हाळ्यात.

वनिताची दोन वर्षांची तपासणी होती. ओपीडीच्या बाहेर ही गर्दी, पंखा बंद, आणि सिस्टर बाकाच्या टोकाला टोकन घेऊन बसलेल्या. साडी नेसलेल्या, मला ओळखायला क्षणभर लागला. त्यांचं वजन उतरलं होतं. वनिता दोन बायका सोडून बसली होती. मी म्हटलं, “सिस्टर, चला ना आतून. कशाला ताटकळताय?” त्यांनी मान हलवली. माझ्याच मूर्खपणाची मला लाज वाटली.

दीड तासाने वनिता माझ्या खोलीत आली. रिपोर्ट चांगले होते. मी तिला हात वर करायला सांगितला. तो कानाच्या वर गेला, सरळ. एवढा चांगला खांदा मी फार थोड्यांचा बघितला आहे. तसं मी तिला म्हणाले, आणि मग राहवलं नाही म्हणून विचारलं, “बोलता का आता दोघी?”

ती ब्लाऊजची बटणं लावत होती. एक, दोन, तीन. सगळी लावून झाल्यावर म्हणाली, “ती फाईल माझ्या कपाटात हाय, मॅडम. पोरीकरून वाचून घेते मदीमदी. परनाली माहेरी आली का बसवते तिना वाचाया.” मग थांबून म्हणाली, “शेजारनी बोलतात, तुलाच घाई झालेली. नवरा पन बोलला एकदा. मंग मी जाते आनि ती फाईल काढून बघते. माझी चूक नाय असा तिच्या हातचा लिवलेला हाय. सही हाय.”

“मग?”

“मंग काय. बोलाया जाते आनि तोंड उघडत नाय.”

मी खिडकीतून त्यांना जाताना बघत होते. ऊन मी म्हणत होतं. सिस्टर गुडघ्यावर हात ठेवून एक-एक पायरी उतरत होत्या. वनिता पुढे होती, मागे न बघता चाललेली. फाटकापाशी रिक्षा उभी होती. वनिता आधी चढली आणि दाराशीच बसली. सिस्टर पोचायला वेळ लागला. त्या वळसा घालून पलीकडच्या बाजूने चढायला निघाल्या, पण तिकडे दांडा लावलेला होता. त्या परत आल्या आणि रिक्षाजवळ नुसत्या उभ्या राहिल्या. रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. वनिता समोर बघत होती. मग तशीच समोर बघत ती आत सरकली आणि तिने जागा करून दिली.